डब्यातला शिक्का

फान मामा. नाव नीट ऐकून ठेव — फान छांग-वांग, वय एकसष्ट, माझ्या आईचा थोरला भाऊ. तू आत्ता विचारलंस ना, की चिपच्या कारखान्यातलं काम सोडून मी इथे देवळासमोर शिक्के कोरत का बसलोय — त्याच्यामुळे. दुसऱ्या कुणाचा दोष नाही. नशिबाचा नाही, देवाचा नाही, त्या आम्लाचा तर मुळीच नाही, आम्ल बिचारं त्याला जे येतं तेच करतं. लोकांना परके मामा बनवतात, मला सख्ख्या मामाने बनवलं. — बस ना त्या स्टुलावर, उभा राहिलास की माझ्या हातावर सावली पडते. तू म्हणतोय हं मी, राग नको मानूस, तीन-चार वर्षांनी तरी लहान दिसतोस माझ्यापेक्षा. तीन अक्षरं आहेत तुझ्या नावात आणि मधलं नुसतं काटेरी कुंपण आहे, वेळ लागणार. मशीनवर? मशीनवर पाच मिनिटांत होतो, आणि तस्साच दुसरा सहाव्या मिनिटाला होतो. तुझा मी हाताने करणार. मागितलं नाहीस ठाऊक आहे. पण करणार.

आणि कशाला हवा म्हणालास — ऑफिसात जमा करायला. वा! म्होरक्याने सांगितलं असेल. काय म्हणाला असेल तेही सांगतो — ‘येताना सहीचा एक साधा लाकडी शिक्का घेऊन ये पोरा, इथेच राहू दे, कागद फार असतात, दरवेळी तुला कुठे चौथ्या मजल्यावरून खाली बोलवायचं.’ हेच ना? शब्दही तेच असतील. हसू नकोस, मीही हसलो होतो. आमच्या टोळीचा म्होरक्या मामाच. मला वाटलं, काय समजूतदार मामा आहे, माझे पाय वाचवतोय. शरदातल्या सणाच्या मिठाईचा पत्र्याचा डबा होता त्याच्याकडे, झाकणावर ससा आणि चंद्र, आत टोळीतल्या सगळ्यांचे शिक्के — माझ्यासकट सत्तावीस. मामा सकाळी सुपारीचा तोबरा भरून बसायचा, डबा उघडायचा आणि टपाटप, टपाटप, कोण काय करतंय, कुठे आहे, जिवंत आहे का मेलंय याच्याशी देणंघेणं नाही, कागदावर सत्तावीस माणसं कामाला लागलेली. कारखान्याचे साहेब खूश. काय ती शिस्त! आणि दारावरची हजेरी म्हणशील तर ती इमारत अजून बांधकामातच होती, कार्ड लावायची यंत्रं बसलेली नव्हती. म्होरक्या टोळीची यादी द्यायचा आणि यादीवर पुन्हा तेच शिक्के. म्हणजे बघ, मी आहे की नाही हे मला विचारायची कुणाला गरजच नव्हती. डब्याला विचारलं की झालं.

तुला अजून कुणी आत नेलं नसेल, म्हणून सांगतो. त्या चकत्या असतात ना, ज्यांच्या चिपा करतात, त्या धुवायला आणि खरवडायला आम्लं लागतात. ती कुणी बादलीने ओतत नाही. तळघरात टाक्या, टाक्यांना पंप, पंपापासून वर चार मजले नळ्यांचं जाळं, प्रत्येक मशीनच्या तोंडापर्यंत. ते जाळं आम्ही बांधायचो. नळीत नळी असते — आतली दुधी, तिच्यातून आम्ल जातं, बाहेरची पारदर्शक, आतली गळलीच तर त्यात अडकावं म्हणून. वाटेत पेट्या, पेट्यांत व्हॉल्व्ह, आणि सगळा जीव असतो सांध्यांत. नळीचं टोक तापवायचं, फुलवायचं, तोटीवर चढवायचं आणि नट आवळायचा — कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर आज नाही, महिन्याने गळतो. ते हाताला कळावं लागतं. मला दोन महिन्यांत कळलं, टोळीतल्या पन्नाशीच्या म्हाताऱ्यांना वीस वर्षांत कळलेलं नाही. खरं तेच सांगतोय. म्हातारे लोक अनुभव अनुभव करतात ना, तो पुष्कळदा एकच चूक वीस वर्षं केल्याचा असतो.

मी कॉलेज सोडून आलो होतो. रसायन अभियांत्रिकी, तिसरं वर्ष. का सोडलं? प्राध्यापक माझ्या जन्माआधीची टिपणं वाचून दाखवायचा आणि झोपलेल्यांना हजेरी द्यायचा, म्हणून सोडलं. आई रडली, मग मामाकडे घेऊन गेली. मामा म्हणाला, ‘बरं झालं, आमच्यात एकतरी शिकलेला हवाच होता.’ आणि चारचौघांत मला ‘प्राध्यापक’ म्हणायला लागला. ‘प्राध्यापक, पाना द्या. प्राध्यापक, शिडी धरा.’ सगळे खिदळायचे. पण चौघं पांगले की हळूच जवळ यायचा — ‘आ-थांग, हा आकडा काय म्हणतोय रे? हे इंग्रजीत काय लिहिलंय? हे बरोबर आहे ना?’ त्याला दाबाचं गणित येत नव्हतं. चाळीस वर्षं पाइपात घालवली आणि काटा का हलतो ते ठाऊक नाही! काटा हलला की माझ्याकडे बघायचा. असो. ते जाऊ दे.

तर गेल्या वर्षी, चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यातली पौर्णिमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तू हक्का आहेस का? नाहीस? मग तुमच्यात कबरी साफ करायला एप्रिलमध्ये जातात, आमच्यात पौर्णिमा झाली की लगेच. आमचं पेंगांचं अख्खं कूळ जमतं शिनफूच्या टेकडीवर — थोरले काका, मधले काका, आजी खुर्चीत, पोरंटोरं, चाळीस-बेचाळीस माणसं. मी मोठा मुलगा, वडील तिथेच आहेत, मला जावंच लागतं. मी आठ दिवस आधी मामाकडे सुट्टी मागितली आणि मामाने दिली. ‘जा जा, बापाचं गवत मुलानेच कापावं,’ असं त्याच तोंडाने म्हणाला. आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या नव्या जाळ्याची दाबाची चाचणी. रिकाम्या नळ्यांत नायट्रोजन भरायचा, तोंडं बंद करायची आणि चोवीस तास काट्याकडे बघत बसायचं — काटा जागचा हलला नाही तर जाळं घट्ट. साधी गोष्ट आहे. बसायला माणूस लागतो, एवढंच. कागदावर ‘बसणारा’ म्हणून एक चौकोन असतो, त्यात त्याचा शिक्का.

पण आमच्या ठेकेदार मालकाने पंचांग काढलेलं. जाळ्यात पहिलं आम्ल सोडायचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटं. पुढचा चांगला दिवस थेट अकरा दिवसांनी. दारासमोर टेबल मांडायचं ठरलं होतं, अख्खी कोंबडी, फळं, उदबत्त्या, कारखान्याचे साहेब सूट घालून येणार. आणि आम्ल सोडायच्या आधी नळ्या पाण्याने धुवाव्या लागतात, धुतलेलं पाणी तपासावं लागतं, त्याला पुन्हा अर्धा दिवस. म्हणजे चोवीस तास बसायचे कुठून? तर नाहीच बसले. आठला सुरू केलं, एकला सोडून दिलं. पाच तास. आणि मामाने डबा उघडला, माझा शिक्का काढला आणि ‘बसणारा’च्या चौकोनात मारला — चोवीस तास, काटा स्थिर, पेंग यू-थांग. मी त्या वेळी शिनफूला वडिलांच्या कबरीवर कोयता चालवत होतो. चाळीस माणसांच्या देखत. समजलं? शिक्का तळघरात बसला होता आणि मी टेकडीवर उभा होतो.

तीन आठवडे काही झालं नाही. मुहूर्त चांगला होता ना! मग एका दुपारी पेइ-यिन — लो पेइ-यिन, कारखान्याकडून रसायनांची देखरेख करणारी, सव्वीस वर्षांची, आमच्या टोळीतल्या कुठल्याही बाप्यापेक्षा चोख — तिला एका पेटीच्या वर बाहेरच्या नळीत ओल दिसली. पेटीच्या तळाला गळती ओळखणारं यंत्र असतं, पण पाणी तळाला यायला हवं ना. हे वरच, बाहेरच्या नळीच्या पट्टीमागे साठलेलं. शिडीवर चढली, हातमोजे, एप्रन, तोंडावर ढाल, सगळं नियमाप्रमाणे. पट्टी सैल केली आणि ते मनगटावरून मोज्याच्या आत गेलं. हात खाली घेतला तसं बोटांपर्यंत उतरलं. ते काचेला खाणारं आम्ल होतं, पण पातळ केलेलं. तुला सांगून ठेवतो, पातळ केलेलं जास्त हरामखोर असतं. जळजळत नाही. दुखत नाही. तिला वाटलं घाम आलाय. तिने पेटी बंद केली, नोंद केली, पाळी पुरी केली. दुखायला लागलं तेव्हा ते हाडापर्यंत पोचलेलं होतं. मलम चोळलं, सुया टोचल्या, सगळं केलं. उजव्या हाताची दोन बोटं पेराशी कापावी लागली. अंगठ्याजवळची दोन.

थांब, लाकडात गाठ आली. — नाही, चालतंय.

पेइ-यिन माझी कोण होती? होणारी बायको होती. सतरा मेला लग्न होतं. तिच्या घरच्यांनी साखरपुड्याच्या केकचे डबे सांगून ठेवलेले होते, साठ. चौकशी बसली, कागद काढला, कागदावर नाव कुणाचं? माझं. चोवीस तास काट्यासमोर मी बसलेलो आणि काटा स्थिर. साहेब विचारतोय, ‘हा शिक्का तुझा?’ मी म्हणालो, ‘माझा, पण मी मारलेला नाही.’ तर साहेब म्हणतो, ‘शिक्का तुझा असेल तर तूच मारलेला.’ आणि मामा समोर बसून चहा पीत होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. मला त्याच दिवशी बाहेर काढलं. बाहेर पार्किंगमध्ये गाठलं मी त्याला, तर काय म्हणाला ठाऊक आहे? ‘आ-थांग, तू तरणा आहेस, तुला कुठेही काम मिळेल. माझं नाव गेलं तर सव्वीस घरं बसतील.’ बघ कसा हिशेब! सव्वीस घरं याच्या पाठीवर आणि सत्तावीसावं माझं, ते गेलं खड्ड्यात.

हॉस्पिटलात गेलो. पेइ-यिनने हात चादरीखाली ठेवला होता. एवढंच विचारलं तिने — ‘तू बसला होतास का तिथे?’ मी म्हणालो, नाही, मी शिनफूला होतो, मामाने मारला. तिने मान हलवली. तिने विश्वास ठेवला, लगेच ठेवला, तशीच आहे ती. पण तिचा बाप दारात उभा होता. नानल्याओचा कोळी, समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस, आवाज चढवत नाही. म्हणाला, ‘पोरा, बोटं गेली ती गेली. पण ज्याच्या शिक्क्याने गेली त्याला मी जावई म्हणून कुठल्या तोंडाने बसवू? तू नव्हतास म्हणतोस, तर तसं लिहिलेलं आण. मोठ्या माणसाच्या शिक्क्याचा कागद आण. मग लग्न आहे तसं आहे.’ वाजवी बोलला. सगळ्या म्हाताऱ्यांत तेवढा एक वाजवी बोलला, आणि तो परका.

म्हणजे मला एक कागद हवा होता. एकच. मी शिनफूला होतो एवढं लिहिलेला. चाळीस माणसांनी मला बघितलेलं, अवघड काय? पहिल्यांदा थोरल्या काकांकडे गेलो. काका म्हणाले, ‘होतास का तू? गर्दी फार होती रे, नक्की आठवत नाही.’ माझ्याच हातातून कोयता घेतला होता त्यांनी, ‘असा नाही, असा धर’ म्हणून! मधल्या काकांना त्या दिवशी चष्मा नव्हता. आजी म्हणाली, ‘वर्षं सगळी सारखीच दिसतात आता.’ चुलतभावाला म्हटलं, घरच्या गटावर फोटो टाकले होतेस ते दे — तर फोटो नाहीत. सगळे काढून टाकलेले. अरे, का म्हणून काय विचारतोस? काकांची दोन पोरं मामाच्या टोळीत. मधल्याचा जावई टोळीत. आठवणीला पगार असतो, बाबा. राहिली आई. आई तर माझ्या शेजारी उभी होती, तिने माझ्या हातात उदबत्त्या दिल्या होत्या. आई म्हणाली, ‘तो माझा भाऊ आहे. बाप गेल्यावर आपल्याला त्यानेच सांभाळलं. मोठ्यांचं एखादं ओझं लहानांनी उचललं तर काय झिजतं?’ मी म्हणालो, ‘आई, ओझं नाही हे, दोन बोटं आहेत.’ तर ती पातेलं घासायला लागली. स्वच्छ होतं पातेलं.

तेव्हा ठरवलं. म्हटलं, तुम्ही कुणी देत नाही ना कागद? ठीक. मी करतो.

इथे शिक्केवाल्या आजोबांकडे कामाला राहिलो. — ते आत झोपलेत, त्यांना काही ऐकू येत नाही, काळजी करू नको. — माणूस हवाच होता त्यांना, डोळे गेलेत. त्यांना वाटलं मला कला शिकायचीय. मला एकच शिक्का शिकायचा होता. मला काढून टाकल्याच्या पत्रावर मामाचा ठसा होता, लाल, स्वच्छ. शिंगाचा शिक्का आहे त्याचा, जुन्या हातचा, कोपऱ्यातून टवका उडालेला — एकदा जिन्यावरून पडला होता, मीच उचलून दिलेला. सहा आठवडे रोज एक लाकूड फुकट घालवलं. टवका जमेना. टवका कोरता येत नाही, तो पाडावा लागतो. शेवटी मीही जिन्यावरून टाकला. नाही, खोटं सांगतोय, चाकूने केला. पण झाला, हुबेहूब.

आणि कागद लिहिला. ‘मी, फान छांग-वांग, लिहून देतो की चाचणी चोवीस तास न धरता मी पाच तासांत सोडली. पेंग यू-थांग त्या दिवशी कामावर नव्हता. त्याचा शिक्का मी मारला.’ खाली तारीख, खाली मामाचा शिक्का. एक कारखान्याच्या सुरक्षा खात्याला, एक पेइ-यिनच्या बापाला. यातलं एक तरी अक्षर खोटं आहे का, सांग. आहे? ठसा तेवढा माझ्या हातचा. आणि गंमत बघ ना, फास कसा होता! मामा म्हणाला असता, ‘हा ठसा मी मारलेला नाही,’ तर साहेबांनी तोच प्रश्न विचारायचा — शिक्का तुझा, मग तूच मारलेला नाही का? आणि नाही म्हणाला, तर मग माझा ठसा मी मारलेला नव्हता हेही खरंच असू शकतं. उघड डबा! दोन्हीकडून मेला. तो कागद टपालात टाकला त्या दिवशी मी शेजारी दोन वाट्या मांसाच्या गोळ्यांचं सूप प्यायलो. इतकं बरं मला बापाच्या माघारी कधी वाटलं नव्हतं. त्याच्या तोंडातली सुपारी गालातच राहील, चहाचा कप हातातच राहील, साहेब म्हणतील ‘फान साहेब, हे काय?’ — रोज झोपताना हेच बघायचो मी. चवीचवीने.

मग? मग पुन्हा चौकशी बसली. मला बोलावलं नाही. पेइ-यिनला बोलावलं, तिच्या बापालाही. चुलतभावाने सांगितलं मला काय झालं ते. कागद मामापुढे ठेवला. त्याने खिशातून चष्मा काढला, पुसला, ठसा बघितला, पुष्कळ वेळ बघितला. टवक्यावरून बोट फिरवलं म्हणे. आणि म्हणाला, ‘शिक्का माझा आहे.’

हो. माझाच आहे म्हणाला. त्याला ठाऊक होतं कुणी कोरलाय ते. अख्ख्या शिनचू शहरात मी कुठे कामाला लागलोय हे आईने सांगितलेलंच असणार. खोटा म्हणाला असता तर मी तुरुंगात गेलो असतो, बनावट शिक्क्याला तुरुंग असतो. तर चुलतभाऊ मला म्हणतो, ‘वाचवलं रे तुला मामाने.’ वाचवलं! मी त्याचं मुस्काट फोडणार होतो. उपकार नाही केलेला कुणी. फास होता तो, मी टाकलेला, त्यात तो अडकला, बस्स. काम गेलं त्याचं, परवाना गेला, डबा साहेबांनी जप्त केला. सत्तावीस शिक्के टेबलावर ओतून एकेकाला बोलावलं आणि ज्याचा त्याच्या हातात दिला. टोळी मोडली. सव्वीस घरं म्हणायचा ना? बसली. काकांची दोन्ही पोरं आता कोंबड्या वाहायच्या ट्रकवर आहेत. मला वाईट वाटत नाही. फोटो काढून टाकताना त्यांना वाटलं होतं का?

‘शिक्का माझा’ म्हटल्यावर त्या खोलीत मामा फक्त एवढंच बोलला. म्हणाला, ‘या कागदात आहे ते सगळं खरं आहे. फक्त एक राहिलंय. फोन.’

कसला म्हणजे? काही नाही. म्हातारा माणूस, काहीतरी बोलायचं म्हणून — बघ, मधल्या अक्षराची ही शेवटची रेघ राहिली, ही झाली की संपलं. तू शिक्का करायला आलास की चौकशी करायला? असा बघू नकोस माझ्याकडे. चार मिनिटांचा फोन होता. अकराच्या सुमारास. साहेबांनी फोन कंपनीकडून काढून घेतलं, तारीख, वेळ, सगळं छापील.

मी टेकडीवर होतो, हातात वडिलांपुढची कोंबडी फाडून दिलेली, तोंडात घास. मामा म्हणाला, ‘आ-थांग, काटा जरासा खाली आलाय रे. अर्धी रेघ. काय करू? थांबवू का? पेट्या उघडायला लावू का?’ असा विचारत होता — विचारत होता तो मला! एकसष्ट वर्षांचा माणूस, म्होरक्या, तो कबरीवर फोन करून पोराला विचारतोय, कारण त्याला गणित येत नाही. ‘तू शिकलेला आहेस, तू सांग.’ आता मला सांग, ही कुणाची चूक? त्याने विचारायचंच कशाला? त्याने थांबवायला हवं होतं! आणि मी थांबवा म्हणालो असतो तर काय झालं असतं — पेट्या उघडायच्या म्हणजे सांधे पुन्हा आवळायचे, आणि त्या वाटेवरचे सगळे सांधे माझ्या हातचे, म्हणजे मलाच बोलावणार, कोयता टाकून, आणि संध्याकाळी मी आणि पेइ-यिन नानल्याओला समुद्रावर जाणार होतो, तिच्या बापाला भेटायला, पहिल्यांदा. म्हणून म्हणालो, ‘मामा, तळघर गार असतं, गारव्याने दाब उतरतो, कॉलेजात शिकवतात हे. काही नाही ते. मारा माझा शिक्का.’ त्याने दोनदा विचारलं. ‘नक्की ना?’ मी म्हणालो, ‘नक्की. मारा.’ मागे काका कोयत्याला धार लावत होते.

तळघरातलं गारव्याचं यंत्र अजून जोडलेलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात जोडणार होते. ते त्याला ठाऊक असायला हवं होतं. मला ठाऊक होतं.

आणि हे तो त्या खोलीत बोलला, पेइ-यिन समोर बसलेली असताना. मला फोन करून विचारलं तिने, ‘मारा म्हणालास?’ मी म्हणालो, तो म्हातारा — मी पुष्कळ बोललो. मामाबद्दल बोललो, काकांबद्दल, मुहूर्ताबद्दल. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

हे घे, झाला. शाईत बुडवून बघ — बघितलंस? स्वच्छ आहे. बाकी कुणाला सांगशील तर सांग, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार. पैसे राहू देत, नीघ आता. म्हटलं ना नीघ, आजोबा उठतील.

सतरा मेचं लग्न मोडलं.